सासूबाईंचं नंतर बघू, आधी त्या खोक्यांचं बोलू

मैत्रिणी, तुझं पत्र दोनदा वाचलं. अकरा वर्षं तू अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या संग्रहात, तुमच्या भागातल्या बियरचा, ती बनवणाऱ्या ब्रुअरींचा इतिहास जपतेयस, सासूबाई पाहुण्यांना "लायब्ररीत असते" एवढंच सांगतात, बियरचं नावच काढत नाहीत, आणि आता एका कंपनीने दीडपट पगारावर रेकॉर्ड्स सांभाळायला बोलावलंय तर जाऊ का, असं विचारतेस. पण अगदी शेवटी घाईघाईत लिहिलंयस की एक वयस्कर ब्रुअर गेले आणि तू पोचेपर्यंत मुलांनी गॅरेजमधली जुन्या वह्या-कागदांची चौदा खोकी कचऱ्यात दिली होती. अगं, सासूबाईंवर दीड पान आणि खोक्यांवर एक ओळ? खरं दुखतंय ते तिथे.

ती तुझी चूक नाही गं. लोक बाटल्या, लेबलं, ग्लास जपतात कारण ते दिसायला छान, आणि वह्या फेकतात कारण त्यात नुसते आकडे आणि डाग. तूच लिहिलंयस ना, एका ब्रू लॉगमध्ये, म्हणजे बियर बनवतानाच्या नोंदवहीत, तापमानाच्या आकड्याशेजारी पेन्सिलने "बाळाला ताप, लवकर निघालो" असं सापडलं आणि तू कितीतरी वेळ ते पान हातात धरून बसलीस. हे पान एकदा सासूबाईंना वाचून दाखव, बाकी समजावत बसू नकोस. बियरला कडवट चव देणारे हॉप्स हे शेतातलं पीक आहे, मशीन येण्याआधी ते तोडायला बायका-मुलांसकट कुटुंबंच्या कुटुंबं शेतावर मुक्कामाला जायची, हेही सांग.

आणि काम किरकोळ आहे असं मनातसुद्धा आणू नकोस. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये हॉप्स आणि ब्रुइंगचं खास अर्काइव्ह सुरू केलं. त्या राज्यात १९१६ लाच दारूबंदी आली, देशभरातली बंदी १९३३ ला उठली, एवढ्या वर्षांत बंद पडलेल्या ब्रुअरीचे कागद कोण जपणार होतं? पुढे १९८५ मध्ये तिथे कायदा बदलला आणि जिथे बनवायची तिथेच बियर विकायला परवानगी मिळाली. तेव्हा तिशीत असलेले ब्रुअर आज सत्तरीत आहेत. तुमच्याकडचेही असेच म्हातारे होत असणार, म्हणून तुझा जीव एवढा वरखाली होतोय, मला कळतंय ते.

नोकरी पगारासाठी घ्यायची तर खुशाल घे, त्यात काहीच वावगं नाही, पण खोक्यांची टोचणी विसरायला म्हणून घेऊ नकोस, ती तिकडेही येईल. कंपनीकडे महिनाभराची मुदत माग. त्या महिन्यात दोन जुन्या ब्रुअरना भेट, रेकॉर्डर ने, पण कागद लगेच मागू नकोस. पहिली खराब झालेली बॅच कुठली ते विचार, मग बघ कसे बोलतात. हिशोब घरातली कोणी बाई बघत असेल तर तिला आवर्जून बसव. वह्या सोडवत नसतील तर स्कॅन करून परत दे. आणि निघताना एक कागद ठेवून ये, काय काय फेकू नका त्याचा: लॉग, माल घेतल्याची बिलं, बँकेची पत्रं, फसलेल्या रेसिपी, जुना लॅपटॉपसुद्धा.

त्या मुलांनाही फोन कर. जाब विचारायला नाही. गॅरेज आवरताना खोक्यांत काय काय दिसलं ते त्यांना अजून आठवत असेल, ते लिहून घे, आणि वडिलांबद्दल थोडं बोलू दे त्यांना.