‘बॅटमॅन : द किलिंग जोक’ हे कॉमिक सगळे डोक्यावर घेतात, मला मात्र वाचून ‘एवढंच?’ असं वाटलं. माझ्या वाचण्यात काही कमी पडतंय का?

काही कमी पडत नाहीये. खुद्द लेखकही तुमच्याच बाजूला आहे. ॲलन मूरनं नंतरच्या मुलाखतींत हे आपलं चांगलं काम नाही असं बिनदिक्कत सांगितलंय. त्याचं म्हणणं असं की, बॅटमॅन आणि जोकर यांच्यासारखी माणसं खऱ्या जगात नसतातच, त्यामुळे त्यांच्यावर कितीही गंभीरपणे लिहिलं तरी माणसाबद्दल हाती काही लागत नाही. मला हे कारण पुरेसं वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती सांगायची तर कथा फोडावी लागेल. तुम्ही वाचलंय म्हणून फोडतो. बाकीच्यांनी इथेच थांबावं.

आधी अपेक्षांचं बघू. हे कॉमिक आलं १९८८ मध्ये, म्हणजे मूरचंच गाजलेलं कॉमिक ‘वॉचमेन’ संपून फार दिवस झाले नव्हते. मूरच्या नावाचा दबदबा होता. त्यात हा वनशॉट, अठ्ठेचाळीस पानांत सुरू होऊन संपणारा. मागचंपुढचं काही वाचायला नको, म्हणून नवख्या वाचकाला बॅटमॅनचं पहिलं कॉमिक म्हणून हेच हातात दिलं जातं. आणि तिथेच घोळ होतो, कारण ‘सर्वोत्तम’ म्हणून दिलेल्या गोष्टीकडून माणूस जास्तच मागणार.

चित्रांबद्दल मात्र ब्रायन बोलंडला सलाम. जोकरच्या भूतकाळातून वर्तमानात येताना शेवटच्या चौकटीतली माणसाची ठेवण पुढच्या चौकटीत जशीच्या तशी सापडते, काळ तेवढा बदललेला. तुमच्याकडे बहुधा २००८ नंतरची आवृत्ती असेल, जिच्यात बोलंडनं स्वतः रंग नव्यानं भरले. भूतकाळाची पानं जवळजवळ करडी, त्यात मधूनच एखादी लाल वस्तू. देखणं आहे, पण थंड. जॉन हिगिन्सचे मूळ रंग भडक होते, जांभळा, नारिंगी, नको तिथे गुलाबी. जोकर जिथे अड्डा करतो त्या पडक्या जत्रेला तेच शोभायचे. जुनी प्रत कुठे मिळाली तर जरूर बघा.

आता मुद्द्यावर. जोकरचा दावा असा की, कुठलाही शहाणा माणूस वेडा व्हायला एक वाईट दिवस पुरतो. हे सिद्ध करायला तो पोलीस कमिशनर गॉर्डनला निवडतो. गॉर्डन घरात बसून वर्तमानपत्रांतली कात्रणं चिकटवतोय, मुलगी बार्बरा त्याला कोको आणून देते, चिकटवण्याच्या पसाऱ्यावरून त्याला चिडवते. बेल वाजते. शेजारची मैत्रीण असेल म्हणून ती दार उघडते, तर समोर फुलाफुलांचा हवाईयन शर्ट घातलेला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला जोकर. तो गोळी झाडतो, ती काचेच्या टेबलावर कोसळते. मग तिच्या ग्रंथपाल असण्यावरून कोट्या सुरू: पुस्तकाच्या वेष्टनाला भोक पडलंय, कणाही मोडलेला दिसतोय. इथपर्यंत अंगावर काटा येतो, नाही असं नाही.

पुढे काय? जोकर गॉर्डनला त्या जत्रेत पळवून नेतो आणि जखमी बार्बराचे फोटो त्याला छळायला वापरतो. तिला स्वतःला हॉस्पिटलमधला एक छोटा प्रसंग मिळतो, त्यातही ती बापाच्याच काळजीत. बस. गॉर्डन जत्रेतल्या भुताच्या गाडीतून फिरून येतो आणि चक्क शाबूत असतो. जोकरला कायद्यानंच पकड, असं बॅटमॅनला बजावतो. तो कशाच्या जोरावर टिकला, हे आपल्याला दिसत नाही. मूरनं निकाल सांगितला, परीक्षा दाखवलीच नाही.

आणि परीक्षा खरी कोणाची होती? वाईट दिवस बार्बराच्या वाट्याला आला होता. जोकरला खोटं पाडणारं माणूस त्याच कथेत खाटेवर पडून होतं, आणि लेखकानं तिकडे वळूनही पाहिलं नाही. ते काम दुसऱ्यांनी केलं. १९८९ मध्ये जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल यांनी ‘सुइसाइड स्क्वॉड’ या कॉमिकमधून तिला ऑरॅकल म्हणून परत आणलं. व्हीलचेअरवर बसून, संगणकाच्या जोरावर अख्ख्या हिरोमंडळींना माहिती पुरवणारी बाई! पुढे १९९९ मध्ये गेल सिमोननं (जी नंतर स्वतः कॉमिक्स लिहू लागली) कॉमिक्समध्ये मारल्या गेलेल्या, जायबंदी केलेल्या बायकांची यादी केली, तिच्यात बार्बरा होतीच.

याच कथेवरच्या २०१६ च्या ॲनिमेशनपटवाल्यांनाही ही पोकळी जाणवली असावी, कारण त्यांनी सुरुवातीला बॅटगर्लचा, म्हणजे मुखवट्यातल्या बार्बराचाच, लांबलचक भाग जोडला. त्यात तिचे आणि बॅटमॅनचे शरीरसंबंध घुसडले. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

जोकरनं सांगितलेल्या शेवटच्या विनोदानंतर बॅटमॅन जोकरला मारतो का, यावर लोक अजून भांडतात. मला त्यात रस नाही. तो शेवट मात्र मला आवडतो: दोघं पावसात हसतायत, डबक्यात दिव्याचा झोत पडलाय आणि पुढच्या चौकटीत तो झोत नाही. भूतकाळ आठवायचाच तर पर्यायी उत्तरांचा असावा, असं जोकर म्हणतो तेही झकास. त्या एका वाक्यानं मूर जोकरची दाखवलेली सगळी करुण कहाणी संशयास्पद करून टाकतो.

तेव्हा मूरला यावरून निकालात काढू नका. त्याचीच १९८५ ची ‘सुपरमॅन ॲन्युअल’ अंक ११ मधली कथा मिळवा, चित्रं डेव्ह गिबन्सची. पानं याहूनही कमी. सुपरमॅनच्या वाढदिवशी त्याला एक वनस्पती चिकटते आणि मनातली सगळ्यात मोठी इच्छा पुरी झाल्याचा भास दाखवते: त्याचा जन्मग्रह क्रिप्टॉन कधी नष्टच झालेला नाही, घर आहे, बायको आहे, लहान मुलगा आहे. सुटायचं तर त्या मुलाला, तो खरा नाही हे उमगत असताना, सोडून यावं लागतं. इथे जखम नायकालाच होते आणि ती सोसताना तो आपल्याला दिसतो. ती वाचून झाली की सांगा, तिथेही ‘एवढंच?’ वाटलं का.