अलिबागजवळ समुद्राकाठी राहून पक्षी बघायचे आहेत. कुठे आणि कधी जावं?

तुम्ही लिहिलंय की बरोबर सत्तरीचे आईवडील आहेत, नऊ वर्षांची मुलगी आहे, मुक्काम दोन रात्रींचा, डिसेंबर-जानेवारीतली कुठलीही तारीख चालेल आणि मुलीला पक्ष्यांचं वेड आहे. मी सरळ आक्षीला जा म्हणेन, अलिबागच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर. फक्त खोली बघण्याआधी तिथी बघा.

हे मला पहिल्या खेपेला माहीत नव्हतं. पक्षी बघायचे म्हणजे पहाटे उठायचं, ही जंगलातली सवय. पौर्णिमेच्या सकाळी साडेसहाला दुर्बीण गळ्यात घालून किनाऱ्यावर उभी राहिले, तर पाणी पार आत गेलेलं. ओल्या वाळूच्या पलीकडे, चिखलात, मोहरीएवढे ठिपके हलत होते. कुरव (सीगल) कुठला आणि तुतवार (सँडपायपर) कुठला, काही कळेना. दीड तासाने हिरमुसून वाडीत परत आले. जिथे उतरले होते तिथले आजोबा सुपारी सोलत बसले होते. त्यांनी विचारलं, "आज तिथी कुठली?" मी म्हटलं, पौर्णिमा. "मग आत्ता काय दिसणार? दहाला जा. पाणी पक्ष्यांना घेऊन येतं."

दहाला गेले. जो थवा सकाळी ठिपक्यांचा होता तो माझ्यापासून चाळीस पावलांवर बसला होता.

कारण साधं आहे. हे पक्षी ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलात किडे, शिंपले, खेकडे शोधत लांबवर पांगतात. भरती चढायला लागली की त्यांचं हे जेवणाचं पान आकसत जातं आणि सगळे सरकत सरकत वाळूच्या शेवटच्या कोरड्या पट्ट्यावर गोळा होतात. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सोन्यासारखे.

वेळ काढायचा हिशोब कोकणात घरोघरी माहीत आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला 3 वाजता भरती, अष्टमीला 6 ला, द्वादशीला 9 ला. शुक्ल असो की वद्य, हिशोब तोच, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळांना लागू. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण सहलीसाठी एवढं पुरे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

आता हा हिशोब तुमच्यासाठी मांडते. द्वादशी ते चतुर्दशी हे दिवस निवडा. सकाळी 9 ते साडेदहाच्या दरम्यान भरती, म्हणजे सात-साडेसातला चहा घेऊन निघालात तरी चालेल, आईवडिलांना अंधारात उठवायला नको. किनारा पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर. रंग असे स्वच्छ दिसतात की पुस्तकातलं चित्र समोर ठेवल्यासारखं. शिवाय पौर्णिमा-अमावास्या जवळ आल्याने पाणी उधाणाचं, म्हणजे पक्षी चांगलेच जवळ ढकलले जातात. अष्टमी-नवमी मात्र टाळा. तेव्हा भांगाची भरती, पाणी फारसं चढत नाही, आणि ओहोटी ऐन दुपारच्या उन्हात.

बसायची जागा किनाऱ्याचं उत्तर टोक, जिथे खाडी समुद्राला मिळते. सुरूच्या झाडांतून बाहेर पडलात की उजवीकडे चालत राहा. थव्यापासून साठ-सत्तर पावलांवर चक्क वाळूत बसा. आईवडिलांसाठी घडीच्या दोन खुर्च्या न्या. पाणी चढत जाईल तसे पक्षीच तुमच्याकडे येतील.

मुलीला पहिल्यांदा चिखल्या दाखवा. चिमणीपेक्षा थोडा मोठा, मातकट, तुरुतुरु चार पावलं धावतो, खिळल्यासारखा थांबतो, टोच मारतो, पुन्हा धावतो. यांतले कितीतरी लडाख-तिबेटच्या पठारावर घरटी करून इथे हिवाळा काढायला येतात. त्यांच्यात वर वळलेल्या चोचीचा एक तुतवार असतो, खेकड्यामागे वेड्यासारखा पळणारा. तो एकदा ओळखला की मुलगी विसरणार नाही. कालवफोड्याही सोपा: काळापांढरा, चोच गाजरासारखी लाल. तपकिरी डोक्याच्या कुरवाला मात्र हिवाळ्यात तपकिरी डोकं नसतं, डोळ्यामागे नुसता डाग असतो. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती पुस्तकात शोधत बसेल. नशिबात असेल तर खेकडे खाणारा क्रॅब प्लोव्हरही दिसेल. दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) असली की भागतं.

एक कळकळीची विनंती. थव्यात धावत जाऊन पक्षी उडवायचे आणि कुणीतरी व्हिडिओ काढायचा, हे किनाऱ्यावर सर्रास चालतं. आपली मुलं तेवढी आवरू या. एप्रिलपर्यंत या पक्ष्यांना हजारो किलोमीटर परत उडायचं असतं आणि त्यासाठी अंगात चरबी इथेच साठवायची असते. भरतीच्या वेळची ती विश्रांती दर पंधरा मिनिटांनी मोडली तर साठवलेलंच खर्च होतं. पक्ष्यांनी माना ताठ केल्या, चालत दूर जायला लागले, की समजायचं आपण फार जवळ आलोय. तिथेच थांबा. हेच बोटीवर. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) घेतलीत तर तासभर कुरव मागे येतील. लोक वेफर्स भिरकावतात. तुम्ही नुसते बघा, पंख न हलवता वाऱ्यावर कसे तरंगतात ते.

राहायला वाडीतली खोली घ्या, ज्या वाडीचं मागचं दार किनाऱ्यावर उघडतं अशी. नारळी-पोफळीत तांबट, हळद्या, भारद्वाज अंगणातूनच दिसतात, वडिलांना गुडघ्यांमुळे चालवलं नाही तरी त्यांचाही वेळ छान जाईल. फोनवर एकच प्रश्न विचारा: शेजारी रात्री लाउडस्पीकर लागतो का? एका मुक्कामात आम्ही पहाटे दोनपर्यंत जागे होतो. जमल्यास शनिवार-रविवार सोडून जा.

संध्याकाळी ओहोटी असेल. तेव्हा मुलीला ओल्या वाळूवर उकिडवं बसवा आणि अगदी स्थिर राहायला सांगा. मिनिटभरात भोकांतून वाटाण्याएवढे खेकडे बाहेर येतात, वाळू तोंडात घालून खाणं गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. भोकाभोवती त्या गोळ्यांची रांगोळीच होते. दोन दिवसांतली एक दुपार अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याला द्या, द्वादशी-त्रयोदशीला तीन-चारच्या सुमारास ओहोटीत चालत जाता येतं. परतायची वेळ किनाऱ्यावर विचारूनच निघा, पाणी भराभर फिरतं.

तेव्हा एकादशीला दुपारपर्यंत पोचा. आईंचा उपास असेल तर वाडीवाल्यांना आदल्या दिवशी फोन करून ठेवा, साबुदाणा भिजवावा लागतो.