डाळ आणि भात वेगवेगळे खाऊन हळूहळू पूर्ण कच्च्या आहारावर जावं का?

डाळ-भात वेगळा करायची गरज नाही, आणि कच्चं खाणं जरूर वाढवा पण शंभर टक्क्यांच्या मागे लागू नका. पिष्ट (भातातलं स्टार्च) आणि प्रथिनं (डाळीतली) एका वेळी नकोत, हे मत अमेरिकेतले डॉ. विल्यम हे (Hay) यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात गाजवलं. पण स्वादुपिंड दोन्हींची पाचकं एकदमच सोडतं, आणि तुरीच्या डाळीत ही दोन्ही मुळातच एकत्र असतात. ती कशी वेगळी करणार? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस चाचणीत ५४ स्थूल रुग्णांना सारख्याच कमी उष्मांकाचा, काहींना वेगवेगळा तर काहींना मिश्र आहार दिला. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच उतरलं होतं.

सुरुवात दुपारी वाटीभर काकडी-गाजराच्या कोशिंबिरीने करा. पोट फुगलं नाही, तर आठवड्याभराने रात्रीही घ्या. मोडाचे मूग वाफवूनच बरे, गरोदर बाईने तर नक्कीच. राजमा कच्चा कधीच नको, उलट्या होतात. दूधही सोडणार असाल तर बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी लागेल. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर मात्र पालेभाज्या एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.