मारबतचे फोटो पाठवण्याआधी

भाऊ, मारबतच्या मिरवणुकीचे फोटो भारी आले बे, पण तू पाठवतो त्या वर्ल्ड प्रेस फोटो या बातमी-फोटोंच्या जागतिक स्पर्धेत ज्युरीसमोर नाव जातच नाई, त्यामुळे नागपुरात तुले कोण ओळखते ते तिथं काही कामाचं नाई. फोटो पुढच्या फेरीत गेला की ओरिजिनल रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली जशीच्या तशी फाइल, मागतात, म्हणून कार्ड फॉरमॅट करू नको. क्रॉप चालते, पण कोपऱ्यातली वायर पुसली की गेला, २०१५ ले शेवटून दुसऱ्या फेरीतले साधारण २० टक्के असेच बाद झाले होते. अन् कॅप्शन तर नीटच लिही, इतवारीचा फोटो महालचा म्हणून खपवू नको! त्याच वर्षी एका इटालियन फोटोग्राफरचं बक्षीस परत घेतलं, फोटो ब्रुसेल्सचा अन् लिहिलं शार्लरुआ, बेल्जियमचंच दुसरं शहर. स्टोरीतले, म्हणजे एका विषयाच्या फोटोमालिकेतले, सारखे दिसणारे फ्रेम मात्र काढ, जीव जळते माहीत आहे.