डिझाइनचे शिक्षण घेताना शाश्वततेबद्दलचे तुमचे मत बदलले का?

येत्या वर्षी आपण प्रॉडक्ट डिझाइनला प्रवेश घेणार आहात. शाश्वतता हा विषय तिथे मनापासून शिकवला जातो की तो नुसता मिरवण्याचा दागिना आहे, आणि शिकणाऱ्याचे मत त्यामुळे खरोखर बदलते का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात याच शाखेच्या चौथ्या वर्षाला आहे. माझे मत बदलले, मात्र ते वर्गात कमी आणि एका भंगाराच्या दुकानात जास्त बदलले. वस्तू कशाची बनली आहे, एवढेच मी पूर्वी विचारत असे. आता ती कशी जोडली आहे, हे आधी पाहते.

२०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिक आणि थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली आणि जूनच्या अखेरीस तिची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा मी शाळेत होते. शाळेने त्यानिमित्त चित्रकला स्पर्धा घेतली, तीत मला दुसरे बक्षीस मिळाले आणि माझे ‘प्लॅस्टिक हटवा’ हे चित्र पावसात भिजू नये म्हणून लॅमिनेट करून फाटकावर लावण्यात आले. त्यातला विनोद तेव्हा कोणाच्याच लक्षात आला नाही, माझ्याही नाही. प्लॅस्टिक वाईट आणि कागद, कापड, बांबू चांगले, अशी सरळ वाटणी डोक्यात घेऊनच मी डिझाइनच्या वर्गात येऊन बसले.

पहिल्या वर्षी या वाटणीला पहिला तडा गेला. वस्तूचा कच्चा माल मिळवण्यापासून ती कचऱ्यात जाईपर्यंतचा सगळा हिशेब मांडण्याची जी पद्धत असते, ती शिकवताना आमच्या शिक्षिकेने ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण यंत्रणेचा २०११ साली प्रसिद्ध झालेला पिशव्यांचा अभ्यास वाचायला दिला. एकदाच वापरलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा तापमानवाढीतला आपला वाटा कमी ठरावा, यासाठी सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या संध्याकाळी मी घरातल्या कापडी पिशव्या मोजल्या. निरनिराळ्या कार्यक्रमांत फुकट मिळालेल्या नऊ पिशव्या निघाल्या आणि त्यांपैकी सहांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. अर्थात हा आकडा फक्त तापमानवाढीचा आहे. तुंबलेले नाले किंवा गाईच्या पोटात जाणारे प्लॅस्टिक त्यात येत नाही. त्यामुळे ‘बघा, प्लॅस्टिकच बरे’ असा अर्थ त्यातून काढणारे वर्गमित्र मला तेव्हाही पटले नाहीत आणि आजही पटत नाहीत. तरीही माल पाहून वस्तूला गुण द्यायची माझी सवय तिथे पहिल्यांदा डळमळली.

ती पुरती मोडली ती माझ्या दिव्यामुळे. दुसऱ्या वर्षी मी टेबलावर ठेवायचा दिवा केला. बांबूच्या पातळ पट्ट्या इपॉक्सीने एकमेकींना चिकटवून, वाकवून, घासून मी त्याचे अंग इतके गुळगुळीत केले होते की परीक्षकांनी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवला. बांबूच्या परंपरेतून प्रेरणा घेतल्याचे मी सादरीकरणात सांगितले आणि मला चांगले गुण पडले. सहा-सात महिन्यांनी दिवा लागेनासा झाला. एलईडी शाबूत होता. त्याला वीज पुरवणारे छोटे सर्किट, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ते गेले होते. ते बदलायला फारसा खर्च आला नसता. परंतु सलग दिसावे म्हणून मी तळ कायमचा चिकटवून टाकला होता आणि दिवा फोडल्याशिवाय माझे मलाच तिथपर्यंत पोहोचता येत नव्हते.

शेवटी मी तो रद्दीबरोबर भंगाराच्या दुकानात नेला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला, नखाने कड खरवडली, तळावर ठोकून पाहिले आणि परत माझ्या हातात दिला. ‘ताई, हा लाकडात जात नाही आणि प्लॅस्टिकातही जात नाही. जाळला तर वास मारेल. घेऊन जावा.’ निसर्गाशी नाते सांगणाऱ्या माझ्या वस्तूला जगात कुठेच जागा नव्हती, हे मला त्या वजनकाट्यासमोर उभे असताना कळले. एकदा घट्ट झालेला इपॉक्सी पुन्हा वितळत नाही, हे मी पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ काकांनी एका वाक्यात सांगितला. पुढे बांबूच्या वस्तू विणणाऱ्यांच्या बुरूड आळीत एक सूप हातात घेऊन नीट पाहिले, तेव्हा त्याची कड बांबूच्याच सालीने बांधलेली दिसली. बांबूखेरीज त्यात दुसरे काही नव्हते. परंपरेतून मी काय घेतले होते, तर फक्त रंग.

त्यानंतर काही शनिवार मी काकांच्या परवानगीने त्यांच्या दुकानात बसले. प्लॅस्टिक ओळखण्याचे तिथले शास्त्र आमच्या प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी जलद आहे. तुकडा मोडून त्याचा आवाज ऐकतात, पाण्यात टाकून तरंगतो की बुडतो ते पाहतात, आणि तरीही शंका राहिली तर लायटरने टोक पेटवून वास घेतात. पॉलिथिनला विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो, तर पीव्हीसीचा उग्र वास नाकात झोंबतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, पाण्याच्या बाटलीचे पीईटी बुडते. मात्र पीव्हीसीही बुडते. बाटलीवर जे घट्ट छापील वेष्टन चढवलेले असते, ते पीव्हीसीचे असेल आणि त्याचे कपटे पीईटीच्या चुऱ्यात मिसळले, तर पाण्याची परीक्षा त्यांना वेगळे काढू शकत नाही आणि पुढे चुरा वितळवून पुनर्वापराचा दाणा करताना सगळी भट्टी नासते. ते वेष्टन कसे असावे हे कुठल्या तरी डिझायनरने पडद्यावर ठरवलेले असते, आणि ते सोलण्याचे काम मात्र दुकानाच्या मागच्या बाजूला बसलेल्या बाईंच्या वाट्याला येते.

पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ मध्ये आपली संघटना उभी केली, तिचे नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्यात एक यादी दडलेली आहे हे मला त्या दुकानात बसल्यावर जाणवले. कागद, काच, पत्रा हे तिन्ही माल एकजिनसी आहेत. हातात घेताच ओळखू येतात आणि वेगळे ठेवले की विकले जातात. आज कचऱ्यात येणारे चिप्सचे पाकीट म्हणजे प्लॅस्टिक आणि धातूच्या थरांची एकमेकांना चिकटलेली पट्टी असते, आणि तिला अशा यादीत कुठे बसवायचे हा प्रश्नच असतो. माझा दिवा त्याच जातीचा होता.

हे उमगल्यावर घरातल्या वस्तूंकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. आमचा मिक्सर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. पर्यावरणाशी त्याचा संबंध कोणी जोडणार नाही. पिवळट पडलेले प्लॅस्टिकचे अंग, कर्कश आवाज. पण तळाचे चार स्क्रू काढले की तो पूर्ण उघडतो. त्याच्या मोटरला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले की गल्लीतला दुरुस्तीवाला थोडक्या पैशांत ते बदलून देतो. जार आणि मोटर यांच्यामध्ये जो कपलर असतो, तो मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो, म्हणजे जारमध्ये हळकुंड अडकले तर आधी तो तुटतो आणि मोटर वाचते. आधी काय तुटावे हेही कोणीतरी बसून ठरवावे लागते, हे मला चार वर्षांत कोणत्याही व्याख्यानाने इतके स्पष्ट सांगितले नव्हते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. विषय शिकवला जातो, आणि शिकवणारे प्रामाणिक असतात. अडचण अशी की परीक्षेत वस्तू एकदाच दिसते, ती नवी असताना. ती बिघडल्यावर तिचे काय होते हे पाहायला कोणी येत नाही. नोकरीतही निराळे नसते. तिसऱ्या वर्षी मी उन्हाळ्यात जिथे काम शिकले, तिथे एका खाऊच्या खोक्याला ‘पर्यावरणस्नेही रूप’ द्यायचे होते. खाकी कागद, हिरवे पान, हाताने लिहिल्यासारखी अक्षरे, आणि आतून मात्र प्लॅस्टिकचा थर. तो थर काढता येईल का, असे मी विचारले. तेल बाहेर झिरपेल, असे उत्तर मिळाले, आणि ते खरेच होते. मग निदान पान तरी काढावे, असे मी सुचवले, पान राहिले. तिथे मी भांडले नाही, याची मला थोडी लाज वाटते, परंतु शिकाऊ मुलीच्या भांडण्याने काही बदलले असते असेही मला वाटत नाही.

सध्या पदवीच्या प्रकल्पासाठी मी तोच दिवा पुन्हा करते आहे. या वेळी त्यात गोंद नाही. पत्र्याचा तळ, बांबूच्या काड्या खाचेत बसवून बांधलेल्या, ड्रायव्हर बाहेर निघेल असा, आणि एकूण सहा स्क्रू. मागच्या महिन्यात पहिला नमुना काकांकडे नेला आणि काही न सांगता त्यांच्या समोर ठेवला. चहा येईपर्यंत त्यांनी तो पूर्ण उघडून पत्रा, तार आणि बांबू असे तीन ढीग केले. मी खूश झाले, तेवढ्यात त्यांनी स्क्रू तळहातावर घेऊन मला दाखवले. ‘ताई, चार प्लस आणि दोन मायनस कशाला? आमचं पोरगं दुसरा स्क्रूड्रायव्हर शोधत बसत नाही, हातोडा मारतं.’ ते दोन मायनस स्क्रू पितळी होते आणि समोरून दिसणार होते, म्हणून मी ते निवडले होते.