वर्षानुवर्षं क्लब सांभाळणाऱ्या मॅनेजरचा पडता काळ आला की फुटबॉल फॅन्स त्याच्याशी एवढं वाईट का वागतात?

तुम्ही विचारलंय की ज्या माणसाने क्लबला सगळं मिळवून दिलं त्यालाच टीम हरायला लागल्यावर फॅन्स एवढं घालूनपाडून का बोलतात, आणि यात चूक कोणाची, फॅन्सची की वेळेवर न जाणाऱ्या मॅनेजरची. मी २००३ पासून आर्सेनल हा लंडनचा क्लब बघतोय त्यामुळे या प्रश्नावर माझ्या डोळ्यासमोर त्यांचा तेव्हाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, आर्सेन वेंगर सोडून दुसरं कोणी येतच नाही. आणि मी काही लांबून बघणारा नाहीये, २०१७ मध्ये माझ्या व्हॉट्सअपचा डीपी 'वेंगर आऊट' होता, तेव्हा जे लिहितोय ते त्या गर्दीतल्याच एकाचं आहे असं समजून वाचा.

ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९६ मध्ये जपानच्या नागोया क्लबमधून हा चष्मेवाला फ्रेंच माणूस आला तेव्हा लंडनच्या पेपरने 'आर्सेन कोण?' अशी हेडलाईन दिली होती. त्याने खेळाडूंचं खाणंपिणं बदललं, ट्रेनिंग बदललं, १९९८ आणि २००२ ला लीग आणि एफए कप (इंग्लंडची नॉकआऊट स्पर्धा) दोन्ही एकाच सीझनमध्ये आणले आणि २००३-०४ ला अख्खी लीग न हरता जिंकली, ३८ मॅच, २६ जिंकल्या १२ ड्रॉ. मी नेमका त्याच सीझनला बघायला लागलो. त्यामुळे माझ्या डोक्यात फुटबॉल म्हणजे हेच असतं, आपली टीम हरत नाही, असं कितीतरी दिवस होतं.

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं की पडता काळ म्हणजे एक दिवस सगळं कोसळतं. तसं होत नाही ना. दीड-दोन वर्षं टिकणारा मॅनेजर असेल तर तीन महिने वाईट गेले की त्याला काढतात, तो पैसे घेऊन जातो, कोणाला फार काही वाटत नाही. वेंगरचं उतरणं दहा-बारा वर्षं चालू होतं आणि इतक्या हळू की कुठल्याही एका दिवसावर बोट ठेवून 'आता बास' असं म्हणताच येत नव्हतं. २००६ ला क्लब ३८ हजारांचं हायबरी सोडून ६० हजारांच्या एमिरेट्सला गेला, त्या स्टेडियमच्या कर्जापायी हात आखडला, स्टार खेळाडू आँरी गेला, मग फाब्रेगास, मग व्हॅन पर्सी तर चक्क मँचेस्टर युनायटेडला, आणि तरीही हा बाबा दर वर्षी टीमला पहिल्या चारात आणायचाच. त्याचे पहिले २० सीझन, सलग, पहिल्या चारात! मध्ये २०११ ला युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ८-२ मार खाल्ला, २०१४ ला त्याच्या हजाराव्या मॅचला चेल्सीने ६-० ने धुतलं, पण त्याच २०१४ च्या मे महिन्यात हल सिटीविरुद्ध ०-२ वरून ३-२ करून एफए कप आणला, नऊ वर्षांनी पहिली ट्रॉफी, आणि आम्ही रडलो. म्हणजे रागवावं म्हटलं की तो काहीतरी जिंकून द्यायचा, आणि जीव लावावा म्हटलं की पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये परत तेच, तीच दुखापतींची यादी, तसेच डिफेन्समधले घोळ, लीग हातातून गेलेली. दर वर्षी तेच नाटक परत बघितल्यावर माणूस थकतो हो, आणि थकलेला फॅन चिडलेल्या फॅनपेक्षा वाईट वागतो हे मी तेव्हा बघितलं.

डिसेंबर २०१४ चा एक व्हिडिओ आहे. आर्सेनल स्टोककडून ३-२ हरलं होतं आणि टीम परतीच्या ट्रेनसाठी स्टेशनवर आली. प्लॅटफॉर्मवर आपलेच फॅन्स उभे होते, आर्सेनलचे, त्यांच्यातल्याच कोणीतरी मोबाईलवर शूट केलंय. वेंगर ट्रेनमध्ये चढतोय आणि मागून ओरडणं, हुर्यो, शिव्या चालू आहेत, जोएल कँपबेल नावाच्या खेळाडूला तर एकजण ओरडून सांगतोय की तू निघून जा इथून, वेळ आहे तोवर. हा ६५ वर्षांचा माणूस. त्याने उलटून शब्दही काढला नाही, सरळ डब्यात गेला. मी तो व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तेव्हा ग्रुपवर फॉरवर्ड केला होता, बरोबर हसणारे इमोजी टाकून. तेव्हा मला त्यात फक्त एका हरलेल्या मॅचचा राग दिसला होता.

तसंच त्याच्या त्या लांब जॅकेटचं. थंडीत तो टचलाईनवर उभा राहायचा आणि जॅकेटची चेन लागायची नाही, बिचारा खाली बघून ती चेन बसवत राहायचा. टीम जिंकत असताना आम्हाला तेच गोड वाटायचं, आपले सर आहेत, डोक्यात फक्त फुटबॉल आहे, जॅकेटकडे लक्ष कुठून असणार. टीम हरायला लागली आणि त्याच चेनचे मीम्स फिरायला लागले, ज्याला साधी चेन लावता येत नाही तो टीम काय चालवणार. माणूस तोच, आमची नजर फिरली होती.

विरोध करायची चांगली पद्धतही होती आणि ती लोकांनी वापरून बघितली, हे पण सांगायला हवं, नाहीतर सगळेच फॅन्स नीच होते असं वाटेल. एप्रिल २०१६ मध्ये नॉरिचविरुद्धच्या मॅचला १२ व्या आणि ७८ व्या मिनिटाला लोकांनी 'टाइम फॉर चेंज' लिहिलेले साधे कागद वर धरायचं ठरवलं होतं, १२ वं मिनिट कारण लीग जिंकून १२ वर्षं झाली होती. शिवी नाही की काही नाही, नुसता कागद. पण झालं काय, कागद धरणारे कमी निघाले आणि बाकीच्यांनी त्यांच्यावरच आवाज चढवून वेंगरच्या नावाचं गाणं सुरू केलं. त्या दिवसापासून भांडण वेंगर आणि फॅन्समध्ये राहिलंच नाही, ते फॅन्स विरुद्ध फॅन्स झालं. वर्षभराने वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर मॅच चालू असताना आकाशातून एक विमान गेलं, मागे बॅनर, काँट्रॅक्ट नको, वेंगर आऊट. आणि त्याच मॅचला दुसरं विमान, आर्सेनवर आमचा विश्वास आहे म्हणणारं. खाली टीम ३-१ हरत होती आणि वर आपलीच माणसं विमानं भाड्याने घेऊन एकमेकांशी भांडत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झिंबाब्वेत मुगाबेविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तर तिथेही कोणीतरी 'वेंगर आऊट' चा फलक घेऊन उभा! तेव्हा मला पण तो फोटो भारी वाटला होता. आता वाटतं, ज्या दिवशी एका फुटबॉल कोचचं नाव जगभर टाईमपासचा विषय झालं त्या दिवशी त्या नावामागे एक माणूस आहे हे आम्ही विसरलो.

आणि आता जे मला या उत्तरात खरं सांगायचंय ते. ७ मार्च २०१७, चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या मोठ्या क्लबांची स्पर्धा), समोर जर्मनीचा बायर्न म्युनिक. पहिली मॅच म्युनिकमध्ये ५-१ हरलो होतो, ही दुसरी आपल्या घरी. मॅचच्या आधी लोकांनी स्टेडियमपर्यंत मोर्चा काढला होता. वॉलकॉटने गोल केला, १-०, थोडी आशा वाटली. मग कोशेल्नीला रेड कार्ड, आणि मग एकामागोमाग एक, शेवटी परत ५-१, दोन्ही मिळून १०-२. मी रात्री जागून बघत होतो. बायर्नचा चौथा गोल झाला तेव्हा मला आतून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, मनात आलं की आता तरी जाईल हा. माझ्याच टीमला घरच्या मैदानावर चौथा गोल बसतोय आणि मी खूष! मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे. मॅनेजर जात नाही, मालक काढत नाही, आणि जाण्याची तारीख ठरलेली नाही, अशा वेळी फॅनकडे बदल घडवायला एकच रस्ता उरतो, आपलीच टीम हरावी आणि जोरात हरावी अशी वाट बघणं. साधा विजय मिळाला तरी वाटतं की झालं, आता अजून एक वर्ष राहणार. आणि जो माणूस तुम्हाला स्वतःच्या टीमच्या पराभवाची वाट बघायला लावतो त्याचा तुम्हाला आतून राग येतो, कारण त्याच्यामुळे तुम्ही स्वतःला आवडेनासे होता. त्या रागापुढे शिव्या वगैरे फार छोट्या गोष्टी आहेत.

त्यात वेंगरच्या हातात सगळंच होतं. खेळाडू कोण घ्यायचा, कोणाला किती पगार, ट्रेनिंग ग्राउंड कसं हवं, सगळं. क्लबचा व्हाइस-चेअरमन डेव्हिड डीन २००७ ला क्लबमधून बाहेर पडल्यावर तर त्याला समोर बसून 'आर्सेन, हे चुकतंय' असं सांगणारं कोणी राहिलंच नाही असं माझं मत आहे. मालक क्रोंके अमेरिकेत, स्टेडियमला क्वचित यायचा, बोलायचा त्याहून कमी. तिकिटं इंग्लंडमधल्या सगळ्यात महाग तिकिटांमध्ये. मग मालकावरचा राग, तिकिटाचा राग, खेळाडू विकल्याचा राग, सगळा त्या एकाच माणसावर निघायचा, कारण दर आठवड्याला माईकसमोर येऊन बसणारा तोच होता. आणि हरल्यावर स्टेडियमबाहेर फॅन्सच्या मुलाखती घेणारे यूट्यूब चॅनेल आले होते, मी स्वतः जिंकल्यावरचे व्हिडिओ कधी पूर्ण बघितले नाहीत आणि हरल्यावरचे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघितलेत.

वेंगरची चूक नव्हती का? होती. मे २०१७ ला त्याने चेल्सीला हरवून सातवा एफए कप जिंकला, इतके एफए कप दुसऱ्या कुठल्याच मॅनेजरचे नाहीत, आणि त्या दिवशी वेंब्लीवरून तो हात हलवत गेला असता तर आज आम्ही ती दोन विमानं विसरलो पण असतो. लीगमध्ये पाचवे आलो होतो, पहिल्या चाराची ती रांग तुटली होती, यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. त्याने अजून दोन वर्षांचं काँट्रॅक्ट सही केलं. त्या सहीनंतर लोकांनी ओरडणंसुद्धा सोडलं, ते यायचेच बंद झाले. २०१८ च्या मार्चमध्ये टीव्हीवर एमिरेट्सच्या लाल खुर्च्या रिकाम्या दिसायच्या, तिकीट विकलेलं आणि माणूस नाही. मला वाटतं स्टेशनवरच्या शिव्यांनी झालं नाही ते त्या खुर्च्यांनी केलं.

२० एप्रिल २०१८ ला त्याने जाहीर केलं की सीझन संपला की जातोय. आणि एका दिवसात, अक्षरशः एका दिवसात सगळं बदललं. कालपर्यंत शिव्या देणारे जुने फोटो टाकायला लागले. बरेच जण याला ढोंग म्हणतात, मला ते ढोंग वाटत नाही. तारीख मिळाली आणि पराभवाची वाट बघायची गरज संपली, त्यामुळे खाली दबलेलं प्रेम वर आलं. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ब्रायन क्लफचं बघा, १८ वर्षं मॅनेजर, १९७९ आणि १९८० ला सलग दोन युरोपियन कप, आणि १९९३ ला टीम थेट तळाला जाऊन रेलिगेट झाली, दारूने तब्येतीची वाट लागलेली होती ती वेगळीच. यापेक्षा वाईट शेवट काय असणार? पण तो जाणार हे काही दिवस आधी जाहीर झालं होतं, आणि घरच्या शेवटच्या मॅचला शेफील्ड युनायटेडकडून हरून टीम खालच्या डिव्हिजनला गेली त्याच दिवशी अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने गात होतं, समोरच्या टीमचे फॅन्स पण. रेलिगेट केलेल्याला गाणं आणि पहिल्या चारात आणणाऱ्याला शिव्या, हे मला कितीतरी वर्षं कळत नव्हतं.

६ मे २०१८, बर्नलीविरुद्ध वेंगरची घरची शेवटची मॅच. दोन्ही टीम रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवतायत, स्टँडमध्ये सगळीकडे 'मर्सी आर्सेन' लिहिलेले लाल टीशर्ट, ५-० जिंकलो. नंतर त्याने माईक घेतला आणि सगळ्यात आधी काय केलं तर मँचेस्टर युनायटेडचा जुना मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन लवकर बरा व्हावा अशा शुभेच्छा दिल्या, कारण आदल्याच दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन फर्ग्युसनला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. ज्याच्याशी इतकी वर्षं भांडला त्याचं नाव आधी, स्वतःचं नंतर. मग मैदानाला फेरी मारताना एका लहान पोराला गळ्यातला टाय काढून दिला. मी ते बघताना रडलो, आणि तेव्हाच मला त्या प्लॅटफॉर्मचा व्हिडिओ आठवला. स्टेडियममधल्या त्या गर्दीत त्या दिवशी स्टेशनवर ओरडलेलं कोणी असेलच की, त्याच्या अंगातही तोच टीशर्ट असेल.

बदल हवा होता यावर मी आजही ठाम आहे. पुढे २०१९-२० आणि २०२०-२१ ला आठवे आलो तेव्हा लोक म्हणाले बघा, वेंगरलाच शिव्या देत होतात ना, पण ते पटत नाही, खराब झालेलं घर दुरुस्त करायला वेळ लागतोच. माझी खंत वेगळी आहे. त्यानंतर वेंगर एमिरेट्सला मॅच बघायला आलाच नाही, साडेचार वर्षं. ज्या स्टेडियमचं कर्ज फिटावं म्हणून त्याने आपले सगळ्यात चांगले खेळाडू जाताना बघितले, त्या स्टेडियमला. शेवटी २६ डिसेंबर २०२२ ला वेस्ट हॅमविरुद्ध आला, हाफटाईमला आपण ०-१ मागे होतो आणि मग ३-१ जिंकलो. मॅचमध्ये कॅमेरा त्याच्यावर गेला, वर बसला होता, केस पूर्ण पांढरे. मी ग्रुपवर लिहिलं, सर आलेत. चार-पाच मिनिटं कोणीच काही टाईप केलं नाही.