प्रश्नचिन्हे झालेली नावे

प्रश्न : आमच्या द्राक्ष उत्पादक गटाची सभासद नोंदवही मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत आहे. नव्या सर्व्हरवर हलवल्यापासून काही नावांच्या जागी प्रश्नचिन्हे, तर काहींच्या जागी रोमन अक्षरांचे जंजाळ दिसते. मूळ नावे परत मिळतील का?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत (जि. नाशिक)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठते आणि तेच बाइट ‘लॅटिन-१’ या रोमन अक्षरांच्या पद्धतीतले समजून वाचले, की एका अक्षराच्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. येथे मजकूर बहुधा शाबूत असतो आणि तो स्तंभ आधी बायनरी (नुसते बाइट) व मग ‘यूटीएफ८एमबी४’ (मायएसक्यूएलमधील पूर्ण यूटीएफ-८) केल्यास नावे परत दिसू शकतात. प्रश्नचिन्हांचे मात्र तसे नाही. साठलेले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या ‘हेक्स’ फंक्शनने ते मूल्य पाहावे : ‘म’ साठी ‘ई०ए४एई’ आले, तर दोष केवळ सर्व्हरशी होणाऱ्या जोडणीच्या वर्णसंचाचा (अक्षरे वाचण्याच्या पद्धतीचा) आहे, नुसते ‘३एफ’, म्हणजे प्रश्नचिन्हच, आले, तर अक्षर खरोखरच पुसले गेले असून ते जुन्या बॅकअपमधूनच आणावे लागेल. म्हणून जुना सर्व्हर अद्याप बंद केला नसेल, तर कृपया करू नये.

मायएसक्यूएलमधील जुन्या ‘यूटीएफ८’ची मर्यादा तीन बाइटांचीच असल्याने त्यात मराठी मावते, पण इमोजी मावत नाहीत; नाव फसवे आहे खरे. नवे टेबल ‘यूटीएफ८एमबी४’मध्येच करावे, आणि कोणतीही दुरुस्ती प्रथम प्रतीवर करून पाहावी.